वेगळा चुकणारा

आयुष्यात मला एकदाच कुणीतरी माझ्या अडाणीपणासाठी कामावर ठेवलं.

"शाळा कोनत्या वर्गात सोडली?" काकाजींनी विचारलं.

"नववीत."

"मंग हे प्रोग्राम लिवनं कोनं शिकवलं?"

"कुणी नाही. मोबाइलवर पाहून पाहून."

"एकाच मास्तराचं पाहत होता का?"

"नाही. जो सापडेल त्याचं."

"बहोत चांगलं!" ते एवढ्या जोरात म्हणाले की चुलीपाशी बसलेल्या काकूंनी मान वळवली. "अवो, याले आनखी भात वाढ. हा पोट्टा कोनासारखाच नाही."

मी तेव्हा त्यांच्या छपरीत गोधडी पांघरून बसलो होतो, तापातून नुकता उठलेला. मी सांगोल्याकडचा. आमच्याकडे पाणी टँकरमधून येतं आणि नदी म्हणजे बहुतेक वाळूच. एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर वैनगंगेत जुन्याच्या जागी पाण्याची उंची मोजणारं नवं यंत्र बसवायला भंडाऱ्याला आलो, खांब उभा केला आणि हिवतापाने आडवा झालो. टोळी पुढच्या कामाला निघून गेली. नदीच्या अलीकडे, कारध्यात, ज्यांच्या घरी आम्ही प्यायचं पाणी मागायला जायचो त्या काकाजींनी मला रिक्षात घालून आणलं. महिनाभर काकूंनी मऊ भात आणि लाखोरीचं वरण घातलं. ना नातं, ना गोतं. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याशी काय केलं तेही सांगायचं आहे, आणि ते सांगताना माझी जीभ नेहमी जड होते.

काकाजींच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला असत. डावी तपकिरी, उजवी काळी. विसरभोळेपणा नव्हता तो. ते दोन दुकानांतून दोन जोड घेत आणि एकातली डावी, दुसऱ्यातली उजवी वापरायला काढत. "एका जोडाच्या दोन्ही चपला एकाच कातड्याच्या, एकाच हाताच्या. तुटतीन त एकाच दिवशी तुटतीन. मंग अनवानी कोन चालन?" शर्टाची बटणंसुद्धा एकाच दोऱ्याने शिवू देत नसत. दोन काकूंनी लावलेली, एक त्यांनी स्वतः, आणि मी बरा झाल्यावर एक मला लावायला दिलं होतं. "एकाचा दोरा कच्चा निंगाला त बाकीचे इज्जत सांभाळतीन."

नदीवर मासे धरणारे गोमाजी अधूनमधून मासे घेऊन येत. काकाजींची फिरकी घेणारा गावात तेवढा एकच माणूस.

"काकाजी, सासरी बी असेच गेल्ते का? एका पायात बूट, एका पायात चप्पल?"

"गेलो असतो गा. पन मानसं पाहून राह्यले होते."

"मंग आमी काय म्हशी आहोत?"

काकाजी पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत काय केलं विचारलं तर एकच सांगायचे, "लोकं म्हनत का हे पक्कं आहे. मी विचारत होतो, कायच्यावरून?" ही खोड घरीही सुटली नव्हती. एकदा त्यांच्याबरोबर भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर गेलो. लाखांदूरची गाडी किती वाजता ते त्यांनी आधी खिडकीवर विचारलं. मग चहावाल्याला. मग बाकावर बसलेल्या एका बाईंना. तिघांनीही साडेदहा सांगितलं. मला वाटलं, झालं. काकाजी परत चहावाल्याकडे गेले.

"तुले कोनं सांगतलं साडेदहा?"

"खिडकीवरच्यानंच त. रोज तोच सांगते."

"मंग तू गिनतीत नाही." बाईंकडे वळले. "आनि तुमाले जी, बाई?"

"या चहावाल्या भाऊनं."

"तुमी बी नाही." मग मला म्हणाले, "पाह्य. तीन तोंडं, पन साक्ष एकच. तिघं एकच गोष्ट बोलून राह्यले म्हनून खुश नोको होऊ. तिघायले सांगनारा कोन, ते पाहजो."

गाडी अकराला आली.

ही खोड त्यांना एकदा महागात पडली. आसगावचे त्यांचे साडू गेल्याचा सकाळी फोन आला. मग दुसरा, तिसरा, पाच फोन आले. काकूंनी डोळ्याला पदर लावला. काकाजींनी प्रत्येकाला विचारलं, तुमाले कोनं सांगतलं? पाचही जण एकाच पुतण्याचं नाव सांगत होते, आणि पुतण्या फोन उचलत नव्हता. "म्हन्जे एकच साक्ष झाली," असं म्हणून काकाजींनी शांतपणे आंघोळ केली, पोहे खाल्ले. साडू खरोखरच गेले होते. दोघं आसगावला पोचले तेव्हा लोक नदीवरून आंघोळ करून परतत होते. काकू त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मी भीत भीत विचारलं, "काकाजी, तुमचं चुकलं ना?" ते म्हणाले, "एक साक्ष खोटी असते, असं मी कवा म्हनलं? एक असते, एवढंच म्हनलं." पण त्या दिवशी त्यांनी ताटातला भात तसाच ठेवला होता.

काकाजी आता नाहीत. ते गेले तेव्हा मी पवनीकडे एका यंत्राचं काम करत होतो. फोन एकट्या काकूंचाच आला. मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

तर ते नदीतलं यंत्र. वरच्या धरणाची दारं उघडली की पाणी फुगतं, आणि काठावरच्या गावांना ते आधी कळावं म्हणून घाटावर भोंगा होता. आधीच्या खांबावरचं यंत्र पाण्याची उंची पाठवी, आणि भोंगा वाजवायचा की नाही ते एक प्रोग्राम ठरवी. तो एकटा प्रोग्राम भित्रा होता. खांबाला शेवाळ लागलं, वाजला. म्हैस घासली, वाजला. लोकांनी कान देणं सोडलं. गोमाजी म्हणत, "तो भोंगा म्हन्जे माही सासू. रोजच बोंबलते. जवा खरंच पडली तवा कोनी उठलंच नाही."

म्हणून नागपूरच्या एका कंपनीने नवीन बेत केला. तीन माणसांनी तीन प्रोग्राम वेगवेगळे लिहायचे. तिघांनाही पाण्याची तीच उंची मिळणार, प्रत्येकाने आपला निर्णय द्यायचा, आणि तिघांतले दोघे "धोका" म्हणाले तरच भोंगा वाजायचा. एकटा उगाच घाबरला तर बाकीचे दोघे त्याला आवरतील. एकटा झोपला तर दोघे उठवतील. यावर कितपत भरवसा ठेवायचा, ते तपासून लिहून देण्याचं काम काकाजींकडे आलं. लिहिणारी माणसंही त्यांनीच निवडली.

कंपनीचे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा छपरीत बसून त्यांनी कागदावर गणित मांडलं. समजा एक प्रोग्राम शंभरात एकदा चुकला, तर दोन एकाच वेळी चुकायचे दहा हजारांत एकदा. शंभर गुणिले शंभर.

काकाजींनी कागद उलटा करून ठेवला. "साहेब, गुनाकार कवा कराव? एकमेकाले ओळखत नसतीन तवा. दोघं एकाच मास्तराजवळ शिकले त एकाच जागी चुकतीन. मंग तुमचे ते दहा हजार कुठी गेले?"

त्यांनी निवडलेले तिघे असे. लाखांदूरच्या एक ताई, गणित शिकलेल्या, घरूनच असलं काम करणाऱ्या. भंडाऱ्याचा प्रफुल, इंजिनीयर, हुशार. आणि मी. माझं नाव ऐकून साहेब हसले होते. काकाजी हसले नाहीत. "शिकलेले दोघं घेतले साहेब. पन शिकलेले सारखेच चुकतेत. मले एक वेगळा चुकनारा पाहिजे."

मला हे ऐकून कसं वाटलं ते सांगतो. अभिमान नाही वाटला. काकूंनी सगळ्यांसमोर माझ्या फाटक्या बनियनला हात लावावा, तसं वाटलं.

तिघांनी एकमेकांना भेटायचं नाही, हा नियम. काय हवं आहे तेसुद्धा काकाजींनी तिघांना वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं. मला मराठीत लिहून दिलं, प्रफुलला इंग्रजीत. लाखांदूरच्या ताईंकडे स्वतः एसटीने जाऊन तोंडी समजावून आले. "एकाच कागदात माही चूक असन त तिघंबी तीच गिरवतीन." कामाच्या दिवसांत ते ताईंकडे जाऊन आले की मला त्यांच्याबद्दल एक अक्षर सांगत नसत. ताईंनी चिवड्याचा डबा दिला होता, तोही त्यांनी कामं पुरी होईपर्यंत मला उघडू दिला नाही. चिवडा मऊ पडला. काकू म्हणाल्या, "अजी, चिवड्यातून काय अक्कल लागते का?" काकाजी म्हणाले, "सांगता येत नाही."

आम्ही लिहिलेलं ते तपासत तेव्हा जमिनीवर चौकटींचा मोठा कागद पसरत. एकेक चौकट म्हणजे नदीची एकेक अवस्था. मी चुकलो तिथे लाल खूण, प्रफुल चुकला तिथे निळी, ताई चुकल्या तिथे हिरवी. माझा लाल रंग सगळ्यांत जास्त होता. मी खाली मान घालून बसे. पण काकाजींना त्याची फिकीर नव्हती. "गंज चुक, पोटभर चुक, पन आपल्या जागी चुक." एका चौकटीत दोन रंग आले की मात्र ते अस्वस्थ होत, उठून अंगणात जाऊन येत.

एका ठिकाणी मी अडलो होतो. उंची हळूहळू वाढत असताना अचानक मोठी उडी आली तर काय करायचं? मी लिहिलं होतं, उडी आली की भोंगा. विचार असा काही नव्हता. मला भीती वाटली, म्हणून लिहिलं. आमच्याकडच्या माणसाला पाणी समजत नाही, आणि न समजणारी गोष्ट अंगावर आली की माणूस ओरडतो.

त्या रविवारी दाढी करायला मी पूल ओलांडून भंडाऱ्यात गेलो. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाच्या मोबाइलवर आमच्याच खांबाचा फोटो होता. प्रफुल. नियम दोघांनाही माहीत होता. मी उठून यायला हवं होतं. पण मला चार महिन्यांत माझ्या वयाचं कुणी बोलायला मिळालं नव्हतं. आम्ही चहा घेतला. आधी गावाचं बोललो, मग कामाचं.

"एकदम उडी आली त तू काय करतं?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"कचरा समजाचं ना बे. शेवाळ असन, म्हैस असन. ते रीडिंग फेकून द्याचं, जुनंच धराचं. हे त फर्स्ट इयरले शिकवते. तू काय केलं?"

"तेच," मी म्हणालो.

घरी येऊन मी माझं खोडलं आणि त्याचं लिहिलं. शब्द माझे, अक्कल त्याची. माझं ते इतकं गावठी वाटलं की काकाजींनी पाहायच्या आधी पुसून टाकावंसं वाटलं. काम गेलं तर कुठे जाणार होतो? घरी, टँकरच्या रांगेत.

काकाजी तपासायला बसले. त्या जागी थांबले. माझा कागद, प्रफुलचा कागद, परत माझा.

"हे तुयंच आहे ना?"

"व्हय, काकाजी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. माझं सांगोल्याकडचं "व्हय" ऐकून ते नेहमी हसत, त्या दिवशीही हसले. तिन्ही भाग वेगळे आहेत, असं लिहून त्यांनी खाली सही केली. उडीची चौकट त्यांच्या कागदावर नव्हतीच. त्यांनी जुन्या नोंदवह्या वापरल्या होत्या, आणि त्या काळी माणूस दिवसातून दोनदा नदीवर जाऊन उंची लिहायचा. उडी त्यात कुठून दिसणार?

कोजागरी नुकतीच झाली होती. आभाळ कोरडं, धान कापणीला आलेलं. सकाळी आठच्या सुमाराला वरून पाणी सोडलं. सोडण्यात काही चूक नव्हती. सोडतात म्हणून तर भोंगा होता. मी घाटाच्या वर उभा राहून दात घासत होतो. गोमाजी मांडीभर पाण्यात आपल्या डोंग्याला, लाकडी होडीला धरून जाळं ओढत होते. मला म्हणाले, "चूळ इकडं नोको टाकू गा, मासे आहेत." आणि पाणी आलं. लाट नव्हती, पाणी नुसतं वर आलं, जमीन उचलल्यासारखं. डोंगा फिरला. गोमाजींचा उजवा हात डोंगा आणि घाटाचा दगड यांच्यामध्ये सापडला. त्यांची किंकाळी मी ऐकली. भोंगा ऐकला नाही.

चौघांनी त्यांना बाहेर काढलं. नागपूरला नेलं. जीव वाचला. हात राहिला, पण नुसता लोंबता.

यंत्राने काय झालं ते नोंदून ठेवलं होतं. पहिला प्रोग्राम: कचरा. दुसरा: कचरा. तिसरा, लाखांदूरच्या ताईंचा: धोका. दोन विरुद्ध एक.

साहेब आले. प्रफुल आला. काकाजींनी माझे आणि प्रफुलचे कागद शेजारी शेजारी ठेवले होते. साहेब म्हणाले, "यात समजायचं काय आहे? नववीतून पळालेल्या पोरानं इंजिनीयरचं उतरवलं."

प्रफुलने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. नियम त्यानेही मोडला होता.

"कायच्यावरून?" काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "शिकला नाही म्हनून तुमी त्याले चोर ठरवता का जी? दोन मानसं आपापल्या अकलेनं बी एकच चूक करतेत. मी त्याले विचारलं होतं. त्यानं सांगतलं, माझंच आहे. बस."

पाच फोन येऊनही साडूच्या मरणावर विश्वास न ठेवलेला माणूस माझ्या एका "व्हय"वर थांबला होता. मी छपरीच्या खांबाला टेकून उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. काकूंनी माझ्या हातात चहाची कपबशी दिली, आणि मी चहा प्यायलो.

काकाजींनी कंपनीला लिहून दिलं: तिन्ही भाग वेगळे असल्याचा निर्णय माझा होता. तो चुकला. यापुढे माझ्या निर्णयावर विसंबू नये. खाली सही. मला कंपनीने ठेवून घेतलं, कारण काकाजींनी माझी बाजू घेतली होती.

त्यानंतर ते कुणालाच काही विचारेनासे झाले. गाडी किती वाजता, हेसुद्धा. एकदा माघात मी कामावरून आलो तर ते अंगणात उभे होते, आणि त्यांच्या दोन्ही पायांत एकाच जोडाच्या चपला होत्या. नवीन, तपकिरी, सारख्या. मी सायकल लावली नाही, हातातच धरून ठेवली, आणि तिथेच सगळं सांगितलं. दाढीचं दुकान, चहा, खोडलेली ओळ, सगळं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आधी तुयं काय होतं?"

"उडी आली की भोंगा."

त्यांनी दोन बोटं वर केली आणि त्यांच्याकडेच पाहत राहिले. "लाखांदूरच्या बाईचं बी तेच होतं. म्हन्जे दोघं झाले असते."

मी रडायला लागलो. त्यांनी समजूत काढली नाही. "मले तुयी चूक पाहिजे होती रे," ते म्हणाले. "तू मले प्रफुलची आनून देल्ली. आनि तुयी त चूक बी नव्हती." मग सायकल माझ्या हातातून घेऊन भिंतीला लावली. "चाल. मले सांगून काय होते? ज्याचा हात गेला त्याले सांग."

गोमाजी घराच्या दारात बसून जाळं विणत होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, सुई डाव्या हातात. काकाजी बाजूला कडुलिंबाखाली उभे राहिले. मी सांगितलं. प्रोग्राम, तीन भाग, रीडिंग. गोमाजींनी सुई थांबवली नाही.

"मले काई समजलं नाही. सीधं सांग."

"भोंगा वाजवायचा की नाही, ते सांगणारे आम्ही तिघं होतो. माझं म्हणणं होतं, वाजवायचा. मग एका शिकलेल्या माणसाचं ऐकून मी ते बदललं. नसतं बदललं तर वाजला असता."

आता सुई थांबली.

"म्हन्जे तुले वाटलं होतं, वाजवाव."

"व्हय."

"मंग काहून नाही वाजवला?"

"मला वाटलं, मी शिकलेलो नाही. माझंच चुकत असेल."

गोमाजींनी आधी काकाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर राग मी शोधत होतो. निदान राग असता तर बरं झालं असतं.

"आमी बी नाही शिकलो गा," ते म्हणाले. "पन पानी वाढलं का बोंबलतो."

आणि दोरा दातांत धरून त्यांनी डाव्या हाताने गाठ ओढली.